ओलं लाकूड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरला हात लावायची बंदी होती. आता परवानगी मिळाली आहे, आणि विषयही आयता चालून आला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. हा ब्लॉग तो नियमित वाचतो. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. त्याच्या घरामागचं विलोचं झाड वादळात पडलं. निवृत्तीची तयारी म्हणून त्याने लाकूड कातायचं छोटं यंत्र घेतलं आहे, त्यावर त्याने त्या ताज्या ओंडक्याचा एक वाडगा केला. यंत्र सुरू केल्यावर लाकडातून पाण्याचे तुषार उडून चष्मा भिजला म्हणे! वाडगा सुरेख झाला, पण आठ दिवसांत त्याला उभी चीर गेली. शेवटी विचारतो, "मामा, तुझं बालपण सावंतवाडीत गेलं. ओलं लाकूड कातायचं की नाही? काय करायचे आपल्याकडचे लोक?"

आता मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. माझ्या हातून आयुष्यात एक लाटणंही तयार झालेलं नाही. पण या प्रश्नाचा मी अडीच वर्षांपूर्वी चांगलाच धडा घेतला आहे. तो आजवर इथे लिहिला नव्हता. त्याला उत्तर देण्याच्या निमित्ताने आज लिहितो.

आधी विलोबद्दल. क्रिकेटची बॅट होते ते विलो परदेशी, पण त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे. सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांच्या काठी वाळुंज नावाचं झाड दिसतं, ते विलोच्याच कुळातलं. दोघांनाही पाण्याकाठी राहायला आवडतं. विलोचं लाकूड ताजं असताना त्यात सुक्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहूनही जास्त पाणी असू शकतं. म्हणजे भाच्याचा चष्मा भिजला यात नवल काही नाही.

हे पाणी लाकडात दोन ठिकाणी असतं. एक, पेशींच्या पोकळीत मोकळं. दुसरं, पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड नुसतं हलकं होतं, त्याचा आकार बदलत नाही. ओल साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं, आणि मग लाकूड आक्रसतं. गंमत अशी की ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडं. आणि वर्तुळाकार वलयांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. ओंडका गोल असतो, मध्ये गाभा असतो, बाहेरचा घेर आत येऊ बघतो आणि त्याला जागा नसते. मग तो फुटतो. जळणाच्या लाकडांच्या तोंडावर गाभ्यापासून निघणाऱ्या चिरा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामागचं कारण हे.

आता शब्दाकडे येतो, कारण त्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आपण 'कातणे' म्हटलं की सूत आठवतं. पण मराठीत लाकूडही कातलं जातं. पलंगाचे कातीव पाय, देव्हाऱ्याचे कातीव खांब, आणि त्यावरून आलेलं कादंबऱ्यांमधलं कातीव नाक! हे काम करणारा तो कातारी. मुंबईत गुजराती लोकांमध्ये खरादी हे आडनाव आढळतं, त्याचाही अर्थ तोच. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या गुजराती घरांत लाखेच्या रंगाचे, सोनेरी नक्षीचे, गोल गोल पायांचे झोपाळे आणि खुर्च्या असत. ते संखेड्याचं काम, गुजरातेतल्या खराद्यांचं. कातारी हा शब्द मात्र मराठीतून जवळजवळ गेला. आमच्या मुलुंड-भांडुपमध्ये त्याच्या जागी दुसरा शब्द आला, टर्नर. त्याच्याकडे पुढे येतो.

माझं गाव सावंतवाडीपासून सात-आठ मैलांवर. आम्ही नुसतं 'वाडी' म्हणायचो. १९५७ सालच्या सुमारास, मी आठ वर्षांचा असताना, वडील मला बाजाराला घेऊन गेले की माझी एकच मागणी असे, चितारआळीत जायचं. मोती तलावापासून जवळच ही आळी. दोन्ही बाजूंना लाकडी खेळणी, पाट, पाळणे, रंगवलेली आंबे-केळी-सीताफळं. मला त्या फळांपेक्षा एका घराच्या पडवीत चाललेलं काम बघायला आवडायचं. एक म्हातारा कातारी जमिनीवर बसलेला. समोर दोन खुंटांच्या मध्ये लाकडाचा तुकडा आडवा धरलेला. त्याला दोरीचे वेढे. समोर त्याचा नातू दोरीची दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढतो आहे, ताक घुसळतात तसा. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. म्हातारा पायाच्या बोटांनी हत्यार दाबून धरतो आणि लाकूड आपल्याकडे फिरेल तेव्हाच धार लावतो, उलटं फिरलं की हात सैल सोडतो. म्हणजे निम्मं फिरणं फुकट. पण त्या निम्म्यातून असा गोल निघायचा की बघत राहावं.

मी पुढे सरकलो की तो म्हणायचा, "झिला, लांब बस." एकदा मी कोपऱ्यात रचलेल्या लाकडांकडे बोट दाखवून विचारलं, ही का नाही घेत? तर म्हणाला, "ती ह्या वर्साची. ओल्या लाकडार लाख चढना नाय." पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत हे वाक्य मला दोन-चार वेळा आठवलं असेल. ज्या दिवशी आठवायला हवं होतं त्या दिवशी नेमकं आठवलं नाही.

त्या वाक्यात किती अर्थ होता ते मला पुढे वाचनातून कळलं. लाखकाम कातताकातताच होतं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे, तिथल्या खेळण्यांना तर ही लाख चढवल्यावर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. लाकूड ओलं असेल तर आतला ओलावा लाखेला नीट धरू देत नाही, आणि धरलीच तरी पुढे लाकूड आक्रसलं की वरचा कडक थर तडकतो. म्हणून लाखवाल्यांना लाकूड सुकवण्यावाचून गत्यंतर नाही. चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं पांढरंशुभ्र लाकूड वापरतात. आमच्या वाडीला पांगारा. दोन्ही मऊ. पांगारा तर इतका हलका की वाळलेला तुकडा हातात घेतला तर रिकामी डबी उचलल्यासारखं वाटतं. लहान मुलाच्या हातात द्यायची वस्तू म्हणून ते बरं, आणि हलकं सच्छिद्र लाकूड सागा-शिसवीपेक्षा लवकर वाळतं. मला वाटतं, गरीब कारागिराच्या दृष्टीने हा दुसरा गुण पहिल्याहून मोठा असावा.

कारण लाकूड वाळवणं म्हणजे थांबणं, आणि थांबायला पैसे लागतात. इतिहास शिकवताना मी वर्षानुवर्षं मुलांना 'राजाश्रय' हा शब्द पाठ करायला लावला. राजाश्रय म्हणजे राजाने कलावंताला शालजोडी दिली, सोन्याचं कडं दिलं, असं चित्र मुलांच्या आणि माझ्याही डोळ्यांसमोर. आता वाटतं, राजाश्रयाचा खरा अर्थ त्या पडवीच्या कोपऱ्यात रचलेला होता. आज आणलेलं लाकूड वर्षभर न विकता पडू द्यायचं, तर त्या वर्षाचं पोट कुणीतरी भरायला हवं. राजा भरेल, नाहीतर सावकार भरेल. सावकाराने भरलं तर त्याचं व्याज लाकडापेक्षा लवकर वाढतं.

सावंतवाडीला भोसल्यांचं संस्थान होतं आणि दरबाराचा चिताऱ्यांना आश्रय होता. हेच चितारी गंजिफाही करत. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पानं, हाताने रंगवलेली. १९४८ साली संस्थान विलीन झालं. मी त्या पडवीत बसायचो तो काळ त्यानंतरच्या नऊ-दहा वर्षांचा. म्हातारा अजून जुन्या सवयीने लाकूड वर्षभर ठेवत होता, पण त्याचा नातू पुढे दोरी ओढायला राहिला नसेल, कारण गावोगावची आमच्या पिढीची मुलं त्या काळात मुंबईची बोट पकडत होती. मीही त्यांतलाच. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली. गंजिफा येणारे हात तेव्हा जवळजवळ संपले होते. पुंडलीक चितारी नावाच्या वृद्ध कलावंताकडून त्या दोघांनी स्वतः शिकून घेतलं आणि मग इतरांना शिकवलं. राजाने कारागिरासमोर शिष्य म्हणून बसायचं! मी वर्गात पुष्कळ राजे शिकवले, हा प्रसंग कुठल्या पुस्तकात नव्हता म्हणून राहून गेला.

पण ओलं लाकूड कुणी कातलंच नाही असं मात्र नाही. भाचा राहतो त्या देशातच त्याचं उलट उदाहरण आहे. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्या आहेत. तिथल्या बीचच्या जंगलात बॉजर म्हणवणारे कारागीर असत. जवळच्या हाय विकम गावात खुर्च्यांचे कारखाने होते, त्यांना हे लोक खुर्च्यांचे पाय पुरवत. झाड विकत घ्यायचं, तिथेच जंगलात झोपडी उभारायची, ओंडका चिरफाळून ताज्या ओल्या लाकडाचेच पाय कातायचे. यंत्र म्हणजे एक लवचिक लांब काठी वर, पायटा खाली, मध्ये दोरी. पाय दाबला की लाकूड पुढे फिरतं, सोडला की काठी त्याला मागे फिरवते. म्हणजे इथेही निम्मं फिरणं फुकट. हजारो मैलांवर, एकमेकांना न बघता, आमच्या वाडीच्या म्हाताऱ्याने आणि त्या बॉजरने तीच युक्ती काढली होती.

फरक ओलाव्याचा. बॉजर ओलं कातायचा, कारण ओलं लाकूड मऊ, हत्याराला सोपं. शिवाय तो ओंडक्याचा गाभा टाळून चिरफळ्या घ्यायचा, त्यामुळे पाय फुटत नसत. वाळताना पाय गोलाचा थोडा लंबगोल व्हायचा, पण खुर्चीच्या पायाला त्याने काय बिघडतं? त्यावर लाख चढवायची नव्हती, झाकण बसवायचं नव्हतं. पाय रचून वाळायला ठेवायचे आणि मग कारखान्याला विकायचे. अख्खा ओंडका वाहून नेण्यापेक्षा हलके पाय नेणं स्वस्त. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा कसाबसा टिकला, मग यंत्रांनी संपवला.

थोडक्यात, ओलं कातावं की सुकं याचं एकच एक उत्तर नाही. वस्तू कोणती, तिला किती नेमकेपणा लागतो, आणि थांबण्याचा खर्च कुणी उचलायचा, यावर ते ठरतं.

२०१२ साली आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर काश्मीरला गेलो होतो. जम्मूहून श्रीनगरला जाताना अनंतनागच्या पुढे संगम, बिजबेहाराच्या आसपास रस्त्याच्या दुतर्फा बॅटचे कारखाने लागतात. तिथे विलोच्या बॅटच्या आकाराच्या फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या रचून उंच मनोरे केलेले असतात. मध्ये वारा खेळायला जागा सोडलेली. सौ. म्हणाली, "किती सुंदर रचलंय, दुकानाची सजावट असेल." मीही हो म्हणालो. ती सजावट नव्हती. ते वाळवण होतं. आपण गच्चीवर कुरडया-पापड घालतो तसंच, फक्त ते महिनोन् महिने चालतं. आम्ही तिथून सोळाव्या शतकातल्या मोगलांबद्दल बोलत पुढे गेलो.

आता तो धडा.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात एक पांगारा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून लालभडक फुलतो, कावळे-साळुंक्या गर्दी करतात. २०२३ च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधी, पालिकेची रीतसर परवानगी घेऊन त्याच्या धोकादायक फांद्या छाटल्या. त्याच आठवड्यात मला नात झाली. खाली पडलेल्या काटेरी फांद्या बघून माझ्या डोक्यात एकदम वाडी आली. पांगाऱ्याचा खुळखुळा! बारशाला नातीच्या हातात आजोबांच्या गावच्या लाकडाचा खुळखुळा. मी वॉचमनकडून दंडाएवढी एक फांदी आणि एक जाड ओंडका वर आणून घेतला.

कातणार कोण? माझा एक जुना विद्यार्थी भांडुपला छोटं दुकान चालवतो. जिन्याचे कठडे, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी अशी कामं करतो. त्याची थोडी कथा सांगायला हवी. १९८४-८५ साली तो माझ्या वर्गात नववीत होता. अभ्यासात यथातथा. त्या काळी मुलुंड ते कुर्ला, एलबीएस मार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने होते. सकाळी भोंग्यावर घड्याळ लावावं. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं मुलुंडच्या आयटीआयमध्ये टर्नर, फिटर होऊन त्या कारखान्यांत लागली. हाही टर्नर झाला. लोखंड कातायला लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याचा कारखाना बंद पडला. त्या रस्त्यावर आता मॉल आणि टॉवर आहेत. त्याने जुनं लेथ मशीन विकत घेऊन लाकडाला जुळवून घेतलं आणि त्यावर संसार चालवला, दोन्ही मुलांना इंजिनिअर केलं.

मी फांदी घेऊन गेलो. त्याने ती हातात घेतली, वजन अजमावलं, कापलेल्या तोंडावर अंगठा दाबला. म्हणाला, "सर, ओलं आहे अजून. फुटेल."

मी म्हटलं, "अरे, बारसं आठवड्यावर आलंय. तू कर तर खरं."

तो म्हणाला, "दुसऱ्या सुक्या लाकडाचा करून देऊ का? आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "नाही, पांगाराच हवा. माझ्या गावाकडे याचंच करतात. मला माहीत आहे."

मला माहीत आहे! यावर तो काही बोलला नाही. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, हाताखाली दोन पोरं काम करतात, पण माझ्यासमोर तो नववीतलाच. "बरं सर" म्हणाला. दोन दिवसांत त्याने खुळखुळा केला. आत पोकळ, त्यात चिंचोके, वर लाकडाचीच गच्च बसवलेली गुडदी. पैसे घ्यायला तयार नव्हता.

बारसं थाटात झालं. खुळखुळा सगळ्यांच्या हातांतून फिरला. मी सावंतवाडीवर एक छोटं भाषणही ठोकलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रात्री सूनबाईंनी हाक मारली. पाळण्यात दुपट्यावर दोन चिंचोके पडले होते. खुळखुळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती, भोक लंबगोल झालं होतं आणि गुडदी सैल होऊन निघाली होती. बाळाच्या मुठीशेजारी एक चिंचोका होता. ती तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची, उचलून तोंडात घालण्याचं तिचं वय नव्हतं. पाच-सहा महिन्यांची असती तर? हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही. सूनबाईंनी खुळखुळा शांतपणे कपाटावर ठेवला. मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी भांडुपला गेलो. खुळखुळा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने चीर पाहिली आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "सर, माझी चूक झाली. मी करायलाच नको होता."

मंडळी, चाळीस वर्षं मी शिकवलं, पण त्या सकाळी माझी मान खाली गेली. त्याला माहीत होतं. त्याने दोनदा सांगितलं होतं. मी सर म्हणून त्याने ऐकलं. आणि मला आणखी एक गोष्ट आठवली, ती त्याला आठवत होती की नाही कोण जाणे. नववीत असताना एकदा निबंधाची वही कोरी ठेवली म्हणून मी त्याला उभं केलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "असाच राहिलास तर आयटीआयला जाशील!" वर्ग हसला होता. आयटीआय ही शिक्षा असल्यासारखं मी बोललो होतो. मी, जो लहानपणी तासन् तास एका कातकऱ्याच्या... नव्हे, कातारी माणसाच्या पडवीत डोळे विस्फारून बसायचो! बघा, माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराच्या बोटांनाही तो शब्द परका झाला आहे. शब्द असे उगाच जात नाहीत. आपण त्या माणसांना आधी खालच्या बाकावर बसवतो, मग शब्द जातो.

मी त्याला म्हटलं, "चूक माझी आहे. आणि नववीतलंही एक माफ कर." तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही बोललात म्हणून नाही, मला आवडायचं म्हणून गेलो आयटीआयला." यावर मी काय बोलणार? मग त्याने चहा मागवला आणि मला शिकवायला बसला. ही फांदी बारीक होती, तिचा गाभा खुळखुळ्याच्या मधोमध राहिला, म्हणून फुटणं ठरलेलंच होतं. घरी ओंडका आहे ना? तो उभा चिरून दोन भाग करा म्हणजे गाभा मोकळा होईल. दोन्ही तोंडांना मेण लावा, कारण लाकूड तोंडांकडून फार भराभर वाळतं आणि तिथूनच फुटायला लागतं. उन्हात ठेवू नका, सावलीत, वारा लागेल असं ठेवा. आणि दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मला सांगा.

मी वही केली. मेणबत्त्या वितळवून ओंडक्याच्या तोंडांना मेण फासलं, एक भाग त्याला दिला, एक गॅलरीत दोन विटांवर ठेवला. स्वयंपाकघरातला काटा घेतला. जून २०२३ मध्ये वजन ३ किलो १०० ग्रॅम. दिवाळीत १ किलो ९००. मार्च २०२४ मध्ये १ किलो ४५०. मला वाटलं झालं. फोन केला, तर म्हणाला, "पावसाळा बघू सर." ऑगस्टमध्ये वजन चक्क वाढलं, १ किलो ५३०! मुंबईच्या हवेतलं पाणी त्याने परत ओढून घेतलं होतं. आपले दरवाजे जुलैत घट्ट होतात, तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये १ किलो ४१०. मी फोन केला आणि या वेळी नुसता आकडा सांगितला, पुढे काही बोललो नाही. तो म्हणाला, "आणा सर."

खुळखुळ्याचं वय तोवर सरलं होतं. नात पावणेदोन वर्षांची, घरभर धावणारी. त्याने विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, तू सांग. म्हणाला, भातुकली करू. छोटं पोळपाट-लाटणं, एक वाडगी, एक रवी. सुट्टा बारीक भाग कुठेच ठेवला नाही. ते काम मी दुकानात बसून पाहिलं. या वेळी तुषार उडाले नाहीत, पांढरी भुकटी उडाली. आता यंत्राला वीज आहे, दोरी ओढणारा नातू लागत नाही, निम्मं फिरणं फुकट जात नाही. बाकी सगळं त्या पडवीतलंच. मी आपोआपच लांब बसलो होतो.

भातुकलीला यंदाचा पावसाळा गेला. अजून चीर नाही. फुटका खुळखुळा मी टाकला नाही, पुस्तकांच्या कपाटात इतिहासाच्या कप्प्यात ठेवला आहे.

तर भाचेबुवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ओलं लाकूड कातायला हरकत नाही, पण एका दमात संपवायचं नाही. आधी वाडगा जाड ठेव, रुंदीच्या एकदशांश तरी. कडांना मेण लाव, कागदी पिशवीत त्याच्याच भुशात ठेवून दे, आणि दर महिन्याला वजन कर. वजन स्थिर झालं की पुन्हा यंत्रावर चढव. तोवर तो लंबगोल झाला असेल, पण जाडी ठेवली असल्यामुळे त्यातून गोल वाडगा निघेल. घाई असेल तर भिंत अगदी पातळ कात, मग तो वाकडा होईल पण बहुधा फुटणार नाही. आणि ओंडक्याचा गाभा वाडग्यात येऊ देऊ नकोस.

यातलं माझं काहीच नाही. सगळं भांडुपच्या सरांनी शिकवलेलं. हो, मी त्याला आता सर म्हणतो. तो लाजतो, पण मी ऐकत नाही.

गॅलरीतल्या त्या विटांवर सध्या पांगाऱ्याचा नवा तुकडा आहे. परवाचं वजन २ किलो ७४०. अजून बराच वेळ आहे.

असो. डोळे दुखायच्या आत थांबतो.